प्रवासापूर्वीचे प्रश्न

मराठी प्रवासवर्णनाच्या वाचकाला एका गोष्टीची सवय झालेली असते. विमानाची चाके जमिनीवरून सुटली की लेखकाची लेखणी चालू लागते. मग खालचे ढग येतात, परकी शहरे येतात, तिथली माणसे आणि त्यांचे खाणेपिणे येते. त्याआधीच्या दोन-तीन तासांची, किंबहुना दोन-तीन दिवसांची, दखल बहुधा एखाद्या विनोदी परिच्छेदापुरती घेतली जाते. सामान्य माणसाचा विमानप्रवास मात्र त्या दोन-तीन दिवसांतच सुरू होतो, आणि तो प्रश्नांनी सुरू होतो. किती आधी पोहोचायचे? पिशवीत काय चालते आणि काय चालत नाही? कान दुखतात म्हणतात, ते खरे का? आपले सामान आपल्याच विमानात चढले हे कशावरून समजायचे? विमान रद्द झाले तर पैसे कोण देणार? चुकून दुसऱ्याच विमानात बसलो तर?

या प्रश्नांना आज साहित्यात प्रतिष्ठा नाही. माहितीपत्रकात आणि सूचनाफलकावर त्यांची बोळवण होते. एकेकाळी मात्र नव्या वाहनाविषयीचे कुतूहल मराठी लेखनाला वर्ज्य नव्हते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ हे पुस्तक मराठीत आले. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. या पिढीला नवे यंत्र लोकांच्या भाषेत समजावून सांगणे हे ग्रंथकाराचे काम वाटत होते. विमानाच्या वाट्याला असा ग्रंथकार फारसा आला नाही. विमान मराठीत आले ते आश्चर्य म्हणून किंवा मिरवण्याची वस्तू म्हणून. समजावून सांगण्याची गोष्ट म्हणून ते क्वचितच आले.

या प्रश्नांचा विचार करण्यास जबलपूर हे शहर विशेष योग्य आहे. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुलर कंपनीचा लोहमार्ग आणि अलाहाबादेहून आलेला ईस्ट इंडियन कंपनीचा लोहमार्ग मार्च १८७० मध्ये येथेच एकमेकांना मिळाले, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन टोके प्रथमच रुळांनी जोडली गेली. प्रवासाचे नवे युग या गावाने आपल्या अंगणात उतरलेले पाहिले आहे. मराठी माणसाचा या गावाशी संबंध त्याहूनही जुना. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांकडे आला, पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यातली दोन शहरे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. उच्च न्यायालय नागपुराहून जबलपूरला आले, आणि त्याच्याबरोबर काही मराठी कुटुंबेही आली. तोफगाडीच्या कारखान्यात, रेल्वेत, तारखात्यात, शाळांतून आणि महाविद्यालयांतून नोकरी करणारी मराठी माणसे येथे आधीपासून होतीच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असा त्यांचा संसार चालला. त्यांच्या मराठीत ‘येऊन राहिलो’, ‘करून घेईन नं’ अशी वळणे आली, आणि ती कोणाला खटकेनाशी झाली.

त्यांची मुले मात्र जबलपुरात राहिली नाहीत. ती पुण्याला, मुंबईला, बंगळूरला गेली. काही समुद्रापलीकडे गेली. मागे राहिली ती वयोवृद्ध माणसे. मुंबईची गाडी पंधरा-सोळा तास घेते. गुडघे दुखू लागले आणि रात्रीतून तीन वेळा उठावे लागू लागले की हे तास मोजून सोसवेनासे होतात. मग मुलगा फोनवर म्हणतो, “आई, या वेळी विमानानेच ये. दोन तासांत पोहोचशील.” या एका वाक्यानंतर राइट टाउनमधल्या किंवा नेपियर टाउनमधल्या एखाद्या जुन्या घरात प्रश्नांचे जे सत्र सुरू होते, तोच या लेखाचा विषय आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या पोटात जाणाऱ्या सामानासाठी १५ किलो आणि हातातल्या पिशवीसाठी ७ किलो एवढी मर्यादा ठेवतात. आगगाडीने जाणाऱ्या आईने सामान कधी तोलले नव्हते. सामान किती हे ओझे उचलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरत असे. आता भुसाराच्या दुकानातला काटा घरी येतो. बेसनाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, सुनेसाठी साडी आणि नातवासाठी विणलेला स्वेटर हे सारे प्रथमच आकड्यांत मोजले जाते, आणि प्रथमच कळते की माया म्हणून जे बांधले जाते त्यालाही ग्रॅम असतात. हा नियम केवळ कंपनीच्या लोभातून निघालेला नाही. जबलपूरसारख्या शहरांकडे जी पंख्यांची, सुमारे सत्तर आसनांची विमाने येतात, त्यांच्या उड्डाणापूर्वी एकूण वजनाचा आणि ते पुढेमागे कसे वाटले गेले आहे याचा हिशेब मांडावा लागतो. तोल चुकला तर यंत्र चालकाचे ऐकत नाही. हे एवढे कोणी सांगितले असते तर आजीने लाडूंचा एक डबा कमी करताना कुरकुर केली नसती. होडीत बसलेल्याने मध्ये बसावे हे नर्मदेच्या काठावर वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

दुसरा प्रश्न खोबऱ्याचा. सुके खोबरे विमानात चालत नाही हे ऐकून मराठी घरातल्या माणसाला प्रथम थट्टाच वाटते. ओटीत जाणारी, देवापुढे ठेवली जाणारी, वाटणात पडणारी खोबऱ्याची वाटी ही धोक्याची वस्तू कशी असेल? पण ती तशी आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि साठवणीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते स्वयंज्वलनशील पदार्थांच्या रांगेत बसलेले आहे. नियमाला श्रद्धेपुढे कधी कधी वाकावे लागते हेही खरे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ हातातल्या सामानात नेण्याची मुभा देण्यात आली, ती २० जानेवारी २०२५ पर्यंतच्या यात्राकाळापुरती आणि तपासणीच्या अटीवर. “मग खोबऱ्याची वडी चालते का रे?” हा आजीचा पुढचा प्रश्न. त्या यादीत खोबऱ्याच्या वडीचे नाव नाही. यादी करणाऱ्याने गोणीतला माल पाहिला. डब्यातली वडी त्याच्या नजरेसमोर नव्हती.

मोबाइलला वीज पुरवणाऱ्या पेटीचा नियम याच्या उलट आहे. ती हातातच ठेवावी लागते, पोटातल्या सामानात देता येत नाही. कारण लिथियमची बॅटरी पेटली तर माणसांसमोर ती दिसते आणि विझवता येते, बंद पोटात ती कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. एक वस्तू आगीच्या भयाने नेऊ देत नाहीत आणि दुसरी त्याच भयाने जवळ बाळगायला लावतात. कारण सांगितले तर यात विसंगती नाही. न सांगितले तर दोन्ही नियम लहरी वाटतात, आणि लहरी सत्तेपुढे माणूस जसा वागतो तसाच प्रवासी सुरक्षा-रांगेत वागू लागतो. तो विचारत नाही, खिसे रिकामे करतो आणि मान खाली घालतो.

येथे आगगाडीशी तुलना अपरिहार्य होते. आगगाडीचे ज्ञान हे सर्वांच्या मालकीचे ज्ञान होते. फलाट कोणता, डबा कुठे लागेल, इटारसीला चहा मिळतो का, गाडी किती मिनिटे थांबते, हे हमाल सांगे, शेजारचा प्रवासी सांगे, चणेवाला सांगे. विचारणाऱ्याला कमीपणा नव्हता आणि सांगणाऱ्याला फुकटचा मोठेपणा मिळत असे. शिवाय पोचवायला आलेला मुलगा फलाट-तिकीट काढून थेट खिडकीपर्यंत येत असे, गाडी हलेपर्यंत “पाण्याची बाटली आहे ना? औषध घेतलंस ना?” असे प्रश्न-उत्तरांचे देणेघेणे चालू राही.

विमानतळाची रचना याच्या बरोबर विरुद्ध आहे. १९७१ च्या जानेवारीत श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेले, आणि त्यानंतर देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली. बंदोबस्त कडक झाला हे योग्यच झाले. पण त्याचा एक परिणाम असा की ज्याच्यापाशी प्रश्न विचारायचे तो माणूस दाराबाहेर राहतो, आणि प्रश्न दाराच्या आत सुरू होतात. काचेच्या एका बाजूला हात हलवणारा भाचा किंवा शेजारचा मुलगा. दुसऱ्या बाजूला ओळखपत्र आणि तिकिटाचा कागद हातात धरलेली एकटी आजी. आतले प्रवासी आपापल्या पडद्यांत गढलेले. येथे विचारणे म्हणजे आपण या जागेचे नाही हे जाहीर करणे, असे तिला वाटते. अक्षरओळख नसलेल्या माणसाची जी कुचंबणा एकेकाळी तार आली की होत असे, ती येथे चाळीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईचीही होते. ती वाचू शकते. पण कोणती पाटी आपल्यासाठी आहे हे तिला कळत नाही.

चाकांच्या खुर्चीची सोय मागून घेतली की हा पेच पुष्कळसा सुटतो. कंपनीचा माणूस खुर्ची ढकलत तपासणीपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो. चालता येणाऱ्या अनेक वृद्धांनाही मुले ही खुर्ची मागवून देतात ती पायांसाठी नव्हे, प्रश्नांसाठी. खुर्चीबरोबर एक उत्तर देणारा माणूस मिळतो, हेच तिचे खरे मोल.

सुशिक्षितांच्या हसण्याचा विषय होतात ते भयाचे प्रश्न. “धावपट्टीवर जनावर आडवं आलं तर?” असे आजीने विचारले तर नातू हसेल. नातवाला हे ठाऊक नसते की डुमना विमानतळाच्या परिसरात जंगल आहे, जवळच खंदारीचा जलाशय आहे, तिथे चितळे आणि रानडुकरे हिंडतात. आणि ४ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी मुंबईहून आलेले विमान याच धावपट्टीवर उतरत असताना रानडुकरांचा कळप आडवा आला, धडक बसली आणि विमान धावपट्टीबाहेर गेले. सुमारे पन्नास प्रवासी सुखरूप उतरले. १२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेले विमान याच डुमन्याला धावपट्टी सोडून पुढे गेले; तेव्हाही कोणाला इजा झाली नाही. १० मार्च २०२४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी २७ जूनला पावसाच्या पाण्याच्या भाराने बाहेरचे कापडी छत फाटून खाली उभ्या असलेल्या मोटारीवर कोसळले. आत कोणी नव्हते म्हणून निभावले. या तिन्ही घटनांपूर्वी त्यांच्याविषयी कोणी प्रश्न केला असता तर तो बाळबोध ठरला असता. बाळबोध प्रश्न आणि तज्ज्ञाचा प्रश्न यांतले अंतर वाटते तेवढे मोठे नसते. तज्ज्ञही कुंपण, पाण्याचा निचरा आणि धावपट्टीची लांबी यांविषयीच विचारत असतो.

कानांच्या प्रश्नाचे उत्तर तर फारच सोपे आहे. विमान उंच गेले की आतील हवेचा दाब यंत्राने राखला जातो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. उतरताना तो पुन्हा वाढतो, आणि घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी वेळेवर उघडली नाही तर दडे बसतात. गिळले की ती नळी उघडते. पूर्वी विमानात तबकातून गोळ्या वाटत त्या याचसाठी. आवळासुपारी तोंडात ठेवणाऱ्या आजीपाशी उपाय आधीपासूनच असतो.

भयाच्या पलीकडचा प्रश्न वेळेचा आणि पैशाचा. विमान लांबले तर? नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर थांबलेल्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय द्यावी लागते. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, यांतून निवड प्रवाशाने करावयाची असते. हा हक्क आहे, उपकार नव्हे. पण तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी आधी तो माहीत असावा लागतो. तासन्‌तास बसून राहिलेली आणि पर्समधल्या खारका खाऊन वेळ काढणारी आजी हा हक्क न वापरताच पुण्याला पोहोचते, आणि मुलाला सांगते, “काही त्रास झाला नाही.”

जबलपूरकरांनी मात्र एक प्रश्न वैयक्तिक राहू दिला नाही. उद्या विमान असेल का, हा तो प्रश्न. नवी प्रशस्त इमारत उभी राहिली त्याच सुमारास येथून सुटणाऱ्या विमानांची संख्या घटली. तेव्हा ६ जून २०२४ रोजी नागरिकांनी ‘नो फ्लाइंग डे’ पाळला. त्या दिवशी विमानाने प्रवास करू नये असे आवाहन झाले. हाच प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयापुढेही गेला. विमान मिळावे म्हणून विमानात न बसण्याचा हा मार्ग वरकरणी विचित्र दिसतो. पण उपोषणाची परंपरा असलेल्या देशात तो कळायला कठीण नाही. काचेच्या आत एकट्या माणसाला जो प्रश्न विचारायला संकोच वाटत होता, तो येथे गावाने मिळून विचारला. फलाटावरचे सामायिक ज्ञान हरवले असले तरी सामायिक प्रश्न उभा राहू शकतो, एवढे यातून दिसले.

१० मार्च २०२४ च्या त्या समारंभात ज्या शहरांच्या इमारतींचे उद्घाटन एकाच वेळी झाले त्यांत जबलपूरखेरीज पुणे, कोल्हापूर आणि ग्वाल्हेर हीही होती. पेशव्यांचे पुणे, छत्रपतींचे कोल्हापूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर आणि भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेले जबलपूर अशी चार नावे एका यादीत यावीत हा योगायोगच. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत वरसईहून ग्वाल्हेर-झाशीकडे गेले ते पायी, आणि परत आले ते गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात वाटेतल्या संकटांना अंत नाही. पण त्या वाटेवर त्यांना विचारायला माणसे मिळत गेली, आणि घरी आई-वडील वाट पाहत होते. आता उलटे झाले आहे. मुले दूर आहेत आणि वाटेला निघतात ते आई-वडील.

भाषेनेही या प्रवासात आपले काही मिसळलेले आहे. जबलपुरातल्या मराठी घरात ‘विमानतळ’ हा शब्द लेखी आहे. बोलताना ‘डुमन्याला जायचं आहे’ असेच म्हणतात. हिंदीतला ‘हवाई अड्डा’ मराठी कानाला थोडा अवघड जातो, कारण मराठीत अड्डा म्हटले की जुगाराचा आठवतो. ‘विमान’ हा शब्द मात्र यंत्राच्या फार आधीपासून घरात आहे. रामायणातले पुष्पक लंकेहून अयोध्येला, म्हणजे घरी, परत आणणारे. तुकोबांना न्यायला आलेले विमान परत न येणारे. त्यामुळे “आता विमानच येईल न्यायला” हे वाक्य म्हातारी माणसे पूर्वी ज्या अर्थाने म्हणत, तो अर्थ तिकीट हातात असतानाही शब्दाच्या तळाशी शिल्लक असतो.

म्हणूनच साऱ्या प्रश्नांच्या शेवटी, सामान तोलून झाल्यावर, खोबरे बाजूला काढल्यावर, औषधांची पिशवी हातातल्या सामानात ठेवल्यावर, एक प्रश्न येतो आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. “परतीचं तिकीट काढून ठेवलं नं?” मुलगा म्हणतो, “काढू गं, थंडी सरली की. तिथं बरं वाटलं तर राहा अजून थोडी.” यात कपट नसते, त्याला आई जवळ हवी असते, आणि जबलपूरच्या त्या मोठ्या घरात तिने एकटीने राहू नये असे त्याला मनापासून वाटते. तिलाही नातवंडे हवी असतात. पण घर, अंगणातली तुळस, नर्मदाजयंतीला ग्वारीघाटावरची आरती, आणि आपल्या त्या जराशा हिंदी वळणाच्या मराठीला न हसणारी शेजारीण, ही सारी एका न काढलेल्या तिकिटावर अवलंबून राहतात. वजनाचा नियम समजावून सांगता येतो, दाबाचे शास्त्र सांगता येते, परताव्याचा हक्क सांगता येतो. याचे उत्तर मात्र ज्याला द्यायचे त्यानेच द्यायचे असते, आणि ते तारखेच्या रूपात द्यायचे असते.

तोपर्यंत आजी किल्ल्या शेजारी देते, तुळशीला पाणी घालायला सांगते, दूधवाल्याला पंधरा दिवसांचा हिशेब देते, आणि महिन्याचा देऊ का, असे त्याने विचारले तर नको म्हणते.